बिनपगारी गुरुजी



चालकांनी आम्हाला प्रथम जे पत्र पाठविले त्यात व्याख्यानाचा विषय ‘क्रीडा आणि राष्ट्र’ असा कळविला होता. विषय भारदस्त खरा. पण त्याच पत्राच्या अगदी शेवटच्या ओळीत, जाता जाता लिहावे तसे, लिहिले होते की, व्याख्यानानंतर वसाहतीतील मुलांना हॉकी शिकविणाऱ्या एका गृहस्थांचा, ते आता हे काम थांबवीत असल्यामुळे, छोटासा सत्कार करावयाचा आहे. आम्ही उलट टपाली कळविले की, ती शेवटची ओळ हाच आमचा विषय राहील. राष्ट्राचे पुढे पाहू.

न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला तेव्हापासून या व्यासपीठाला मोठमोठ्या विषयांची सवय आहे. तेथे मैदानावरच्या एका शिट्टीविषयी बोलावे काय, अशी शंका कोणास आली तर ती रास्त आहे. आमचे उत्तर इतकेच की, मोठे विषय आम्ही पुष्कळ ऐकले, टाळ्याही वाजविल्या, आणि घरी जाऊन निजलो. आजच्या विषयात उद्या संध्याकाळी साडेपाच वाजता कोणी तरी मैदानावर उभे राहावयाचे आहे, आणि ते कोण, हे अजून पुरतेपणी ठरलेले नाही.

ज्यांचा सत्कार आहे त्यांचे नाव आम्ही घेणार नाही. तशी त्यांची अट आहे, आणि ते मागच्या रांगेत बसून ती पाळली जाते की नाही हे पाहत आहेत. मुले त्यांना मामा म्हणतात. आम्हीही मामाच म्हणू. टॉवेलच्या एका कारखान्यात त्यांचा जन्म गेला. पहिली पाळी असली की संध्याकाळी मैदान, दुसरी पाळी असली की पहाटे मैदान, आणि तिसरी पाळी असली म्हणजे रात्रभर मागापाशी उभे राहून, घरी न जाता, तसेच मैदान. आम्ही काही वर्षे या वसाहतीत नोकरीला होतो, तेव्हाचे हे चित्र आमच्या डोळ्यांपुढे आहे. चिंचोळी काटीची ही वसाहत मोहोळ तालुक्यात, पुण्याच्या हमरस्त्याला लागून. सोलापूर शहर तसे जवळ. पण खेळणाऱ्या पोराच्या हिशेबी जवळ नव्हे. शाळा सुटल्यावर शहरातल्या मैदानावर जाऊन परत यायचे तर बसचे भाडे लागते, आणि ते भाडे रोज देणारी घरे येथे फार नाहीत. म्हणून येथेच, मुरमाच्या एका मोकळ्या तुकड्यावर, मामांनी चुन्याने रेघा मारल्या.

हॉकीच का, असे आम्ही त्यांना एकदा विचारले होते. क्रिकेटला पोरे आपोआप येतात, कबड्डी-खोखोला साहित्य लागत नाही. मग हा उपद्व्याप कशासाठी? ते म्हणाले, “लहानपणी मला कोणी तरी शिकविला, म्हणून.” याहून मोठे कारण त्यांनी कधीच दिले नाही. आम्हाला वाटते, याहून मोठे कारण नसतेही.

हा खेळ महाराष्ट्रात आला तो छावण्यांतून, रेल्वेच्या वसाहतींतून आणि मिशनच्या शाळांतून. म्हणजे जेथे थोडी सपाट जमीन होती आणि कोणी शिपाई, फादर अथवा गार्ड संध्याकाळी रिकामा होता तेथे. धनराज पिल्ले यांचेच पाहा. जन्म १९६८ साली खडकीत; वडील मैदानाची निगा राखणारे; घरात पैशाची ओढ. भावंडांनी मोडक्या स्टिका दोरीने बांधून आणि टाकून दिलेले चेंडू वेचून खेळ सुरू केला. पुढे हाच मुलगा १९९२ पासून २००४ पर्यंत चार ऑलिंपिक खेळला आणि १९९८ च्या बँकॉक आशियाई स्पर्धेत भारताने सुवर्णपदक मिळविले तेव्हा संघाचा कप्तान होता. आपण धनराजची वाहवा करतो, ते योग्यच. पण दोरीने बांधलेली स्टिक कशी धरावी हे त्याला घरातल्या थोरल्या भावाने आणि पुढे मुंबईत जोकिम कार्व्हालोंसारख्या वडीलधाऱ्या खेळाडूने दाखविले, हे आपल्या लक्षात राहत नाही.

शिकविणे म्हणजे काय करणे, हे ज्यांनी स्टिक हाती घेतली नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. हॉकीच्या काठीची एकच बाजू सपाट असते, डावी. दुसरी बाजू गोल. त्या बाजूने चेंडू खेळला तर पंच शिट्टी वाजवितो. म्हणजे चेंडू डावीकडून उजवीकडे न्यावयाचा झाला की काठी मनगटात उलटी फिरवावी लागते. ती फिरविण्याचे काम डाव्या हाताचे. उजवा हात खाली नुसता आधाराला, त्याच्या मुठीत काठी सैल फिरली पाहिजे. आता आपण बहुतेक सारे उजव्या हाताचे. मुलाला सांगावे लागते की, बाबा, तुझ्या हुशार हाताने आता गप्प राहायचे आणि अडाणी हाताने काम करायचे. हे एकदा सांगून होत नाही. शंभरदा सांगून होत नाही. कमरेत वाकून, नजर एकदा चेंडूवर नि एकदा समोर, असे सहा-आठ महिने गेले म्हणजे एके दिवशी ते आपोआप होते, आणि मुलाला वाटते आपल्याला पहिल्यापासूनच येत होते. शिकविणाऱ्याचे श्रेय तेथेच पुसले जाते. मामा म्हणत, ते पुसले गेले म्हणजे समजायचे, पोरगा तयार झाला.

आणखी एक गंमत. या खेळात डावखुऱ्याची काठी नसतेच. नियमच तसा आहे. शाळेत डाव्या हाताने लिहितो म्हणून मार खाणारी एक मुलगी मामांकडे आली, आणि मामांनी तिला पहिल्याच दिवशी सांगितले की येथे तूच पुढे आहेस, बाकीच्यांना आता तुझ्यामागे यायचे आहे. ती मुलगी आज या सभागृहाच्या दाराशी उभी आहे. तिच्याकडे आम्ही शेवटी वळणार आहोत.

असे मामा गावोगाव असतात. त्यांतल्या एखाद्यालाच नाव मिळते. मुंबईचे मर्झबान पटेल हे त्यांपैकी एक. मैदानावर त्यांना ‘बावा’ म्हणतात. पारशी गृहस्थ, राहणी साधी, आणि चाळीसांहून अधिक वर्षे मुंबईच्या मैदानांवर मुलांना हॉकी शिकविण्यात घालविलेली. मालाडच्या शाळेतील मुले असोत की रिपब्लिकन्स नावाच्या क्लबातील, हाती लागेल त्या पोराला स्टिक द्यायची आणि उभे करायचे. गॅव्हिन फरेरा, वीरेन रस्किन्हा, गोलरक्षक एड्रियन डिसोझा ही भारताकडून खेळलेली नावे त्यांच्या हाताखालून गेली. युवराज आणि देविंदर हे वाल्मीकी बंधूही तेथलेच. मरीन लाइन्सच्या बाजूला एका चिमुकल्या घरात हे कुटुंब राहत असे; वडील मोटार चालवीत; घरात वीज नव्हती. २०११ साली चीनमध्ये आशियाई चॅम्पियन्स करंडकाच्या अंतिम सामन्यात पाकिस्तानविरुद्ध निर्णायक गोल युवराजने केला, तेव्हा वृत्तपत्रे त्या घरी पोहोचली आणि त्यांच्या पाठोपाठ वीजही पोहोचली. धाकटा देविंदर २०१६ साली रिओच्या ऑलिंपिकमध्ये खेळला. वीज नसलेल्या घरातला पोरगा ऑलिंपिकला जातो तेव्हा मधल्या वर्षांत कोणी तरी त्याच्यासाठी रोज मैदानावर आलेले असते. वृत्तपत्रे तेथे पोहोचत नाहीत, कारण तेथे त्या दिवशी काहीच घडत नसते.

२०१९ साली सरकारने पटेलांना द्रोणाचार्य पुरस्कार दिला, जीवनगौरव म्हणून. हा पुरस्कार १९८५ साली सुरू झाला आणि पहिल्याच वर्षीच्या तिघांत कुस्तीचे भालचंद्र भास्कर भागवत हे आपले मराठी नाव होते, हे फारसे कोणाला ठाऊक नसते. पुरस्काराच्या नावाविषयी मात्र आमची जुनी तक्रार आहे. ज्या गुरूने शिकविले नाहीच, आणि उलट अंगठा मागून घेतला, त्याचे नाव गुरूंच्या सन्मानाला का द्यावे? हॉकीत तर अंगठा गेला की काठीच सुटली. असो. नाव काही असो, सरकारला अशा माणसांची आठवण होते हेही नसे थोडके.

आता थोडे मागे जाऊ. अलाहाबादला जन्मलेला एक सोळा-सतरा वर्षांचा मुलगा १९२२ साली पलटणीत भरती झाला. भरतीपूर्वी आपण हॉकी अशी खेळलोच नव्हतो, असे पुढे त्याने स्वतःच सांगून ठेवले आहे. त्याच्या ब्राह्मण रेजिमेंटमध्ये बाले तिवारी नावाचे सुभेदार-मेजर होते. त्यांना खेळाचा नाद. त्यांनी या पोराला काठी धरायला शिकविली. मुलाचे नाव ध्यानसिंग. जगाने पुढे त्याला ध्यानचंद म्हटले. १९२८ चे ॲम्स्टरडॅम, १९३२ चे लॉस एंजेलिस, १९३६ चे बर्लिन, तिन्ही ठिकाणी सुवर्णपदक. बर्लिनच्या अंतिम सामन्यात यजमान जर्मनीवर ८–१ अशी मात. त्यांचा जन्मदिवस २९ ऑगस्ट आपण राष्ट्रीय क्रीडादिन म्हणून पाळतो. बाले तिवारींचा जन्मदिवस कोण पाळतो? आम्ही हे रागाने म्हणत नाही. तिवारींची नेमणूक पलटण सांभाळण्यासाठी होती. हॉकी शिकविणे त्यांच्या कामाच्या यादीत नव्हते. जे यादीत नसते ते माणूस आवडीने करतो, म्हणून ते चांगले होते; आणि यादीत नसते म्हणूनच त्याची कोठे नोंद होत नाही.

क्रिकेटपुरते म्हणाल तर रमाकांत आचरेकरांचे नाव सर्वांच्या ओठी आहे. स्टेट बँकेत नोकरी आणि शिवाजी पार्कवर मुले. यष्टीवर रुपयाचे नाणे ठेवावयाचे; त्रिफळा उडविणाऱ्याला ते मिळे, कोणालाच उडविता आला नाही तर सचिनला. २०१३ साली वानखेडेवर निरोप घेताना सचिन तेंडुलकरने सांगितले की, एकोणतीस वर्षांत सरांनी आपल्याला ‘छान खेळलास’ असे एकदाही म्हटले नाही. सभेत हशा पिकला, आणि काहींच्या डोळ्यांत पाणीही आले. आम्हाला त्यात एक बारीकशी खोच दिसली. गुरूने शिष्याची स्तुती करू नये, हे शिस्तीत बसते. पण म्हणून आपण, म्हणजे गावाने, गुरूची स्तुती करण्यातही तितकीच कंजुषी करावी काय?

गावाने काय करावे याचे आम्हाला ठाऊक असलेले सर्वांत चांगले उदाहरण कुस्तीतले आहे. गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीला निघाले तेव्हा पैसा जमेना. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर सात हजार रुपयांना गहाण टाकले. खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. गोष्ट बहुतेक येथे संपविली जाते. पुढचा भाग असा सांगतात की, परत आल्यावर खाशाबांनी कुस्त्यांचे फड भरविले, स्वतः लढले, आणि त्या पैशातून प्राचार्यांचे घर सोडविले. आम्हाला पदकापेक्षा हा दुसरा भाग अधिक मोलाचा वाटतो. खाशाबांनी गुरुजनांना हार घातला असेल, नमस्कारही केला असेल. पण त्यांना जे हवे होते ते त्यांनी ओळखले. हवे होते ते घर.

या वसाहतीत आम्ही काय केले ते आता सांगितले पाहिजे, आणि ‘आम्ही’ म्हणताना त्यात आम्ही स्वतः पहिले. सोलापूर म्हणजे चादरींचे गाव. सत्कार म्हटला की चादर, फार तर शाल, आणि नारळ. मामांना आम्ही कमिटीच्या वतीने तीनदा चादर दिली. गणेशोत्सवात एकदा, वार्षिक स्पर्धेत एकदा, आणि तिसऱ्यांदा कशासाठी ते आठवत नाही. पाहुणे आले होते, हार उरला होता. पुढे एका सामन्यात आमचे लक्ष गोलरक्षक मुलाच्या पायांकडे गेले. पॅड ओळखीचे वाटले. जवळ जाऊन पाहतो तो काय, आमच्याच चादरी घड्या घालून, सुतळीने शिवून पायांना बांधल्या होत्या. हॉकीचा चेंडू एकशे साठ ग्रॅमच्या आसपास वजनाचा आणि दगडासारखा कठीण. तो नडगीवर बसला तर मोठा माणूसही बसतो. मामांना चादर नको होती, पॅड हवे होते. त्यांनी तसे सांगितले नाही, आम्ही विचारले नाही. चादरीने मात्र आपले काम केले.

याहून लाजिरवाणी गोष्ट अशी. एका वर्षी याच कमिटीने त्या मैदानावर समारंभाचा मांडव घातला. खुंट्या ठोकल्या, खड्डे पाडले, आणि समारंभ संपल्यावर खड्डे तसेच सोडून आम्ही निघून गेलो. मुरमाच्या जमिनीवर चेंडू आधीच टप्पे घेतो. खड्ड्यात तो कोठे उसळेल याचा नेम नाही. मामांनी आमच्याकडे तक्रार केली नाही. आठ दिवस पोरांकडून टोपल्यांनी माती वाहवून घेतली आणि हाच सराव असे सांगितले. त्या मांडवात भाषण कोणाचे झाले, तर आमचे. विषय होता, युवकांची शक्ती.

मामा आता थांबत आहेत, कारण गुडघे. खेळ वाकून करावयाचा आणि शिकवावयाचा तर त्याहून वाकून. पस्तिशीत ते जमते, साठीनंतर गुडघा जाब विचारतो. कारखान्यातून ते निवृत्त झाले तेव्हा त्याचा कागद मिळाला, फंडाचा हिशेब झाला, साहेबांनी हात मिळविला. या कामातून निवृत्त होण्याचा कागद कोण देणार? ज्याची नेमणूकच नाही त्याची निवृत्ती कोठे नोंदवावी? असा माणूस निवृत्त होतो म्हणजे एका संध्याकाळी तो मैदानावर येत नाही. दुसऱ्या दिवशी पोरे येतात, थोडी थांबतात. आठवड्याने निम्मी येतात. महिन्याने रेघा पुसल्या जातात, आणि वर्षभराने तो तुकडा मोकळा आहे असे कोणाच्या तरी ध्यानात येते. हे आम्ही दोन ठिकाणी पाहिले आहे. म्हणून या सत्काराची आम्हाला भीती वाटत होती. निरोप एवढा गोड व्हावयाचा की पोरांचाही निरोप त्यातच उरकला जावा, असे होऊ शकते.

कोणी म्हणेल, आता मुरमावरची हॉकी राहिली कोठे? म्हणणे खोटे नाही. १९७६ साली माँट्रियलला ऑलिंपिक हॉकी प्रथमच कृत्रिम गवतावर झाली आणि भारत सातवा आला. १९८० च्या मॉस्कोतील सुवर्णपदकानंतर पुढचे पदक थेट टोकियोत, तेही २०२१ साली. मग २०२४ साली पॅरिसला पुन्हा कांस्य. कृत्रिम मैदानाला कोटींत पैसा लागतो, आणि खेळण्यापूर्वी त्यावर पाणी मारावे लागते. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या आपल्या भागात ही मागणी तोंडातून काढतानाही संकोच वाटतो. येथल्या मुलीला तसल्या मैदानावर पाय ठेवायचा तर पिंपरी किंवा बालेवाडी गाठायची, अडीचशे किलोमीटर. पण हेही खरे की ती तेथे पोहोचेल तेव्हा तिला काठी फिरविता आली पाहिजे, आणि ते काही तेथे कोणी पहिल्यापासून शिकवीत बसत नाही. डावे मनगट मुरमावरही तयार होते. उसळणारा चेंडू ज्याने अडविला त्याला सरळ येणारा चेंडू जड जात नाही, असे मामांचे मत. आम्ही त्यात दुसरी बाजू जोडतो की, सरळ चेंडूचा वेग पाहून आमची मुले पहिल्या सामन्यात गांगरली होती. शालेय स्पर्धेत पहिल्या अर्ध्या तासात पाच गोल झाले. परतीच्या गाडीत कोणी बोलेना. मामा तेवढे म्हणाले, “आता चेंडू कसा येतो ते कळले ना?” आणि शेंगदाण्याची पुडी फिरविली.

तेव्हा चालकांशी बोलून आम्ही या वर्षी चादर रद्द केली आहे. आधी मामांना विचारले, काय हवे. ते दोन दिवस काही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी पोराच्या हाती चिठ्ठी पाठविली. तीत चार गोष्टी होत्या: गोलरक्षकाचे खरे पॅड एक जोड, चेंडू दोन डझन, पावसाळ्यापूर्वी मुरूम दाबण्यासाठी रोलर एक दिवस, आणि मांडव दुसरीकडे. पहिल्या दोन वस्तू या टेबलाखाली खोक्यात आहेत. रोलरचे एका कारखानदारांनी कबूल केले आहे. ते सभेत आहेत, म्हणून येथे मोठ्याने सांगतो. मांडवाची बाब कमिटीच्या ठरावात घातली असून पहिली सही आमची आहे.

राहता राहिली शिट्टी. दाराशी ज्या दोघी उभ्या आहेत त्यांपैकी एक ती डावखुरी मुलगी. ती आता येथल्याच एका कारखान्यात कामाला आहे, पहिल्या पाळीत. दुसरी तिच्याच संघातली, शाळेत शिक्षिका आहे. त्यांनी आठवड्यातले तीन-तीन दिवस वाटून घेतले आहेत. दर रविवारी मैदानाच्या कडेला एक खुर्ची ठेवायची आणि मामांनी तीत बसून राहायचे, मैदानात उतरायचे नाही, असे ठरले आहे. मामांना यातला शेवटचा भाग मान्य नाही. मुलींना या कामाचा पगार नाही, तो देण्याची आज कोणाची ऐपतही नाही. त्यांची पाळी मात्र बदलू नये, एवढी त्यांच्या कारखान्याच्या मालकांना आमची हात जोडून विनंती आहे. कारण मामा तिन्ही पाळ्या करून मैदानावर आले, ते मामा होते म्हणून. त्यांच्या मागून येणाऱ्यांकडून आपण तेवढी अपेक्षा करू नये.

अध्यक्ष महाराज, वेळ झाली आहे. आता त्या दोघींना आत बोलवावे, आणि मामांनी मागच्या रांगेतून पुढे यावे. शिट्टी त्यांच्या सदऱ्याच्या खिशात आहे. आम्ही मघापासून पाहत आहोत, ते ती चाचपीत आहेत.